कूलंटमध्ये गंज, तेल, नाहीतर चक्क हळद: गाडीची कूलिंग सिस्टीम घरी कशी साफ करायची

जुनी गाडी घेतली, घरी आणून बोनेट उघडलं, कूलंटच्या बॉटलमध्ये डोकावलं आणि हिरवं-निळं-गुलाबी काहीतरी दिसायच्या ऐवजी विटकरी गढूळ पाणी दिसलं, नाहीतर वर तेलाचा तवंग दिसला, तर पुढे काय करायचं हे पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी लिहितोय. काम अवघड नाहीये पण वेळखाऊ आहे, एक अख्खा रविवार गेला असं धरूनच चाला, आणि तेल असेल तर दोन.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. घाण कुठून आली हे कळल्याशिवाय फ्लश करायला बसू नका. नुसतं धुतलं की चार दिवस बॉटल मस्त चकाचक दिसते, मग परत तेच, आणि नवीन कूलंटचे पैसे गेले ते वेगळेच.

आधी घाण ओळखा

सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन एकदम गार. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ डिग्रीच्या आसपास उकळतं, पण रेडिएटरच्या झाकणाने आत जवळपास एक बारचं प्रेशर धरून ठेवलेलं असतं म्हणून आतलं पाणी ११० डिग्रीलासुद्धा उकळत नाही. झाकण फिरवलं की प्रेशर जातं आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा होस पाईप हाताने दाबून बघा, मऊ आणि गार लागला तरच झाकणाला हात लावा, आणि तेव्हाही जाडसं फडकं टाकून.

झाकण उघडलं की एक जुनी सिरिंज किंवा ड्रॉपर घेऊन थोडं कूलंट काचेच्या ग्लासात काढा (तो ग्लास परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे लक्षात ठेवा) आणि अर्धा तास तसाच ठेवा. खाली काय बसतं आणि वर काय तरंगतं त्यावरून बरंच कळतं.

खाली विटकरी पूड बसली तर गंज. हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, कारण लेव्हल कमी झाली की कोणीतरी साधं पाणी ओततं. पुण्याच्या वाघोली, उंड्री, पिसोळी अशा टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या भागात तर जास्तच, जे पाणी बाथरूमच्या नळावर पांढरे थर बसवतं तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये पण बसवतं. आणि पार्किंगमध्ये बोनेट उघडून उभं राहिलात की एक तरी काका येऊन सांगणारच, "अहो आम्ही फियाटमध्ये कायम नळाचंच पाणी घातलं, काय झालं?" काकांना हो म्हणायचं. त्यांच्या फियाटचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, गळायला लागला की काढून डाख लावून आणायचे आणि गाडी परत चालू. आताचे ॲल्युमिनियमचे असतात, दोन्ही बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या, डाख लावायची सोयच नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी जी केमिकल्स असतात तीच या धातूंना वाचवतात, साध्या पाण्यात ती नसतात.

जेलीसारख्या गुठळ्या दिसल्या तर दोन वेगळ्या जातीची कूलंट एकमेकांत मिसळलेली असू शकतात. लोक रंग बघून टॉप-अप करतात पण रंग नुसता डाय असतो, एका कंपनीचं हिरवं आणि दुसऱ्या कंपनीचं हिरवं आतून पूर्ण वेगळं असू शकतं. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं आणि नवीन ऑरगॅनिक ॲसिडवालं एकत्र आलं की कधीकधी गाळ धरतो, आणि नाही धरला तरी दोन्हींचं आयुष्य कमी होतं.

पिवळट चिखल असेल तर हळद. हसू नका, गळका रेडिएटर बंद करायला हळद टाकणं हा हायवेवरचा जुना जुगाड आहे, आणि तो चालतो पण, घाटात अडकलेल्या माणसाला घरापर्यंत आणतो. पण नंतर ती कोणी काढत नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व्ह) काढला की त्याच्या स्प्रिंगमध्ये ओल्या पिठाचा गोळा अडकलेला सापडतो, नखाने उकरला तरी पूर्ण निघत नाही, आणि बोटं दोन दिवस पिवळी. बाजारात मिळणाऱ्या लीक-स्टॉप पावडरीचं पण थोडंफार हेच.

आणि वर कोल्ड कॉफीसारखा फेसाळ तपकिरी थर असेल तर तेल. हा सगळ्यात वाईट प्रकार.

तेल असेल तर इथेच थांबा

तेल कूलंटमध्ये यायचे रस्ते मोजकेच आहेत. हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, किंवा हेड क्रॅक आहे, किंवा ऑइल कूलर आतून फुटलाय. बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये कूलंटवर चालणारा ऑइल कूलर असतो, त्यात एका पातळ पत्र्याच्या अलीकडे तेल आणि पलीकडे कूलंट. गाडी चालू असताना तेलाचं प्रेशर कूलंटपेक्षा कितीतरी जास्त असतं म्हणून तेल कूलंटमध्ये घुसतं. त्यामुळे डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) तेल स्वच्छ दिसतंय पण कूलंटमध्ये तेल आहे, असं असेल तर हेड उघडायला सांगणाऱ्या मेकॅनिकला आधी ऑइल कूलर चेक करायला लावा, मोठा खर्च वाचू शकतो. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक असेल तर काही मॉडेलमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो, तो फुटला तर गुलाबीसर मिश्रण होतं आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये पण जातं. अशी गाडी चालवायची नाही, टो करून न्यायची, गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटांना पाणी अजिबात चालत नाही.

हेड गॅस्केटची घरगुती तपासणी: गार इंजिन, झाकण उघडं, गाडी स्टार्ट करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघत राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे हवेचे असतात, पण ते एकसारखे येतच राहिले तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय. पाणी वर चढायला लागलं की लगेच बंद. दुसरी खूण म्हणजे गार गाडी स्टार्ट केल्यावर मिनिटभरात वरचा होस दगडासारखा कडक होणं. पक्कं करायचं तर निळं लिक्विड असलेली टेस्ट किट मिळते, रेडिएटरच्या तोंडावर धरायची, जळालेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं (डिझेल गाडीत हिरवट) होतं.

आणि एक, ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट चिकट थर दिसला म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली की इंजिन पुरेसं तापत नाही आणि आतल्या दमटपणाने तसा थर येतो. डिपस्टिकवर पण तसंच दिसलं तर मात्र गंभीर.

जिथून तेल येतंय ते दुरुस्त झालं की मग धुवायचं.

सामान

फार काही लागत नाही. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ चा पाना, एक मोठं घमेलं किंवा जुना टब, नरसाळं, हातमोजे, चष्मा. बॅटरीत घालायचं डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी), त्याचे पाच लिटरचे कॅन मिळतात, ते तीन-चार आणून ठेवा. रेडिएटर फ्लश किंवा क्लीनर, लिक्वी मोलीचा ३०० मिलीचा डबा १० लिटरपर्यंत पुरतो, दुसऱ्या कंपन्यांचे पण आहेत, तेल असेल तर लेबलवर तेल काढतो असं लिहिलंय का ते बघून घ्या. नवीन थर्मोस्टॅट, त्याचं गॅस्केट किंवा ओ-रिंग, नवीन झाकण, आणि होस क्लिपा. हे सगळं पुण्यात नाना पेठेत एका फेरीत होतं, फक्त जाताना जुन्या झाकणाचा फोटो काढून न्या, त्यावर ०.९ किंवा १.१ असा प्रेशरचा आकडा असतो, तोच घ्यायचा, "थोडं जास्तीचं घ्या, चालतं" असं कोणी म्हणालं तरी नाही.

कूलंट कोणतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, आणि सिस्टीममध्ये एकूण किती लिटर बसतं तेही तिथेच असतं. कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेलं) घ्या, रेडी-मिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) नको, का ते पुढे सांगतो.

रिकामी करणे

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, चाकाला वीट. इलेक्ट्रिक फॅन काही गाड्यांमध्ये चावी काढल्यावरही अचानक फिरतो, त्याचा कनेक्टर काढून ठेवा, बोटं दहाच आहेत.

आता हीटर. टेम्परेचरचा नॉब पूर्ण लाल बाजूला फिरवा. पुण्यात हीटर कोण लावतं, डिसेंबरातले चार दिवस सोडले तर नॉब कायम निळ्यावर, आणि ज्या गाड्यांमध्ये हीटरच्या पाण्याला वॉल्व्ह असतो तिथे वर्षानुवर्षं तेच पाणी हीटर कोअरमध्ये (हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये) साठून राहतं. हे विसरलात तर बाकी सगळी सिस्टीम धुतली जाईल आणि पहिल्यांदा हीटर लावाल तेव्हा ती सगळी घाण नव्या कूलंटमध्ये येईल.

रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा ड्रेन कॉक असतो, जुना असेल तर तो तुटतो, त्यामुळे जोर लावू नका, सरळ खालचा होस काढा. होस चिकटला असेल तर ओढत बसायचं नाही, आधी पिळून मोकळा करायचा, नाहीतर प्लास्टिकचं तोंडच मोडून हातात येईल. होस सुटला की पाणी घमेल्याच्या बाहेर उडतंच, चपला घालून बसू नका. इंजिन ब्लॉकला ड्रेन प्लग असेल आणि हात पोचत असेल तर तोही उघडा, सगळ्यात जास्त गाळ तिथे खाली असतो.

निघालेलं पाणी मोजा. सहा लिटरच्या सिस्टीममधून चार निघालं तर दोन आत आहे हे लक्षात ठेवायचं, पुढे हिशेबाला लागतं.

ते पाणी गटारात ओतायचं नाही. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, विषारी आणि चवीला गोड, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात. पावसाळी गटार शेवटी नाल्यातून मुठा नदीलाच जातं. जुन्या कॅनमध्ये भरा, झाकण लावा, लेबल लावा, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या. जमिनीवर सांडलेलं लगेच माती टाकून पुसा आणि वरून पाणी मारा.

धुणे

थर्मोस्टॅट काढून हाऊसिंग परत बसवा, म्हणजे इंजिन तापायची वाट न बघता पाणी सगळीकडे फिरेल. बॉटल पूर्ण काढून घ्या. तिच्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही, तर मूठभर तांदूळ, भांड्याचं लिक्विड आणि गरम पाणी घालून खळखळवा, खरवडून निघतं. साबण पूर्ण जाईपर्यंत विसळा, थोडा जरी राहिला तरी नंतर फेस होतो.

मग महानगरपालिकेचं नळाचं पाणी भरून इंजिन दहा मिनिटं आयडलवर, बंद, कोमट होऊ द्या, ड्रेन. असं दोनदा. मधल्या धुण्यांना नळाचं पाणी चालतं, बोअरचं नको. गरम इंजिनात गार पाणी कधीच ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. आणि रेडिएटर उलटा धुवायचा असेल, म्हणजे खालून पाणी सोडून वरून काढायचं, तर बागेचा साधा पाईप वापरा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन आत लावली तर प्लास्टिकच्या टाकीचा जोड उसवतो.

नुसता गंज थोडा असेल तर आता क्लीनरचा डबा टाका, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ चालवा, काढा, झालं. जेली आणि हळदीलाही हेच, फक्त जास्त वेळा, आणि हळद असेल तर रेडिएटर बाहेर काढून उलटा धुतल्याशिवाय समाधान होत नाही. आणि हळद कोणीतरी गळती बुजवायलाच टाकली होती, ती निघाली की गळती परत उघडी पडणार, रेडिएटर बदलायची तयारी ठेवा.

गंज जाडजूड असेल तर सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं, लिटरमागे साधारण ५० ग्रॅम, आधी बादलीत पूर्ण विरघळवून मग ओतायचं, इंजिन अर्धा तास चालवायचं आणि काढायचं. रात्रभर ठेवायचं नाही, ॲल्युमिनियम खातं. नंतर दोन-तीनदा साधं पाणी, मग एकदा चमचाभर खायचा सोडा घातलेलं पाणी, मग परत साधं. टॉयलेटचं ॲसिड, कॉस्टिक, धुण्याचा सोडा यातलं काहीही नको, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.

आता तेल, यात खरा घाम निघतो. तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तरंगतं आणि रेडिएटरच्या भिंतींना, हीटर कोअरला, होसच्या आतून चिकटून बसतं, त्यामुळे नुसत्या पाण्याने शंभर वेळा धुवा, काही उपयोग नाही. आधी जेवढं हाताने निघेल तेवढं काढा. होस एकेक करून काढा, आत चिंधी गुंडाळलेली तार फिरवा. मग तेल काढणारा क्लीनर टाकून गरम करून चालवा. तो मिळाला नाही तर डिशवॉशर मशीनची पावडर, दोन-तीन मोठे चमचे, गरम पाण्यात विरघळवून. मशीनचीच हवी, कारण तिला फेस येत नाही, हाताने भांडी घासायचं लिक्विड टाकलंत तर बॉटलमधून फेसाचा डोंगर बाहेर येईल आणि पंपाला पाण्याऐवजी फेस मिळेल. तिच्यातही सोडा असतोच, म्हणून वीस मिनिटं चालवून लगेच काढायची, आत ठेवून जेवायला जायचं नाही.

ड्रेन कोमट असतानाच करा, हात भाजणार नाही इतपत. पूर्ण गार होऊ दिलं तर सुटलेलं तेल परत भिंतींना चिकटतं. आणि काढताना आधी रेडिएटरच्या तोंडातून वरचा तवंग टिशूने नाहीतर सिरिंजने उचलून घ्या, कारण खालून ड्रेन केलं की तेल शेवटी खाली येतं आणि वाटेत सगळीकडे परत लागतं. पावडर, पाणी, पाणी, परत पावडर, पाणी, पाणी असं चालू ठेवायचं, जोपर्यंत ग्लासात काढलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी चकाकी दिसते तोपर्यंत. वैताग येतो. काही मेकॅनिक हे टाळायला डिझेल किंवा रॉकेल टाकून फिरवतात, ते करू देऊ नका. होसचं रबर तेलाला टिकत नाही, फुगतं. जे होस तेलाने आधीच फुगलेत, दाबल्यावर पिचपिचीत लागतात, ते धुवून उपयोग नाही, बदला, नाहीतर भर उन्हात खंबाटकी घाटात फुटतील.

शेवटची दोन धुणी डीएम वॉटरने. गाडी कुठलीही असो.

भरणे आणि हवा काढणे

नवीन थर्मोस्टॅट बसवा. "काढूनच टाकू ना, गाडी थंड राहील" हा सल्ला गॅरेजमध्ये मिळणारच, ऐकू नका. इंजिन ज्या तापमानाला चालायला बनवलंय तिथे पोचलंच नाही तर ॲव्हरेज पडतं आणि ऑइलमध्ये ओलावा साठतो. नवा बसवायच्या आधी जुन्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडून बघा, त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, तेवढ्याला उघडला पाहिजे. नवा म्हणजे चांगलाच असं काही नसतं.

आता कॉन्सन्ट्रेट का. धुतल्यावर ब्लॉकमध्ये दीड-दोन लिटर पाणी राहिलेलंच असतं. त्यावर रेडी-मिक्स ओतलं तर ते अजून पातळ होणार. सहा लिटरची सिस्टीम असेल आणि ५०-५० हवं असेल तर आधी तीन लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग उरलेली जागा डीएम वॉटरने भरा, हिशेब आपोआप बसतो. कॅनवर जेआयएस के २२३४ किंवा आयएस ५७५९ (कूलंटची जपानी आणि भारतीय मानकं) असं लिहिलेलं असेल तर बरं, पण कंपनीने सांगितलेली जात आधी बघा.

हवा काढायला गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, सोसायटीचा बेसमेंटचा रॅम्प यासाठी उत्तम, फक्त सकाळी लवकर, ऑफिसला निघणाऱ्यांच्या शिव्या खायच्या नसतील तर. चाकाला वीट इथेही. फॅनचा कनेक्टर परत लावलाय ना ते बघा, हे विसरलात तर गाडी इथेच तापेल. झाकण उघडं, हीटर गरमवर, एसी बंद, इंजिन आयडल. ब्लीड स्क्रू असेल तर तो थोडा ढिला करा, बुडबुडे संपून सलग धार आली की घट्ट. हातमोजे घालून वरचा होस मधूनमधून दाबा, गुडगुड आवाज करत हवा वर येते, लेव्हल खाली जाते, भरत राहा. खालचा होस गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. लेव्हल स्थिर झाली की झाकण लावा आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा यायला हवी, गार येत असेल तर आत अजून हवा आहे.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी यातलं काहीही बॅटरीच्या कूलंटवर करून बघू नये, ते प्रकरण वेगळं आहे.

नंतर

पहिल्या दिवशी गावातल्या गावातच चालवा, टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना लेव्हल बघा, थोडी उतरलेली असते, भरा. मग बोपदेव किंवा जुना कात्रज घाट एकदा चढून बघा, वर पोचल्यावर काटा जिथे होता तिथेच पाहिजे आणि बॉटलमध्ये बुडबुडे नकोत.

महिनाभर दर आठवड्याला बॉटलमध्ये टॉर्च मारा. तेलाची गाडी असेल तर हलकी चकाकी थोडे दिवस दिसू शकते, ती टिशूने उचलत राहा, कमी होत गेली तर ते जुनंच उरलेलं तेल. वाढत गेली तर दुरुस्ती झालेली नाही, गॅरेजवाल्याकडे परत जा आणि क्लीनरचा दुसरा डबा विकत घेऊ नका. गंजाच्या गाडीत महिनाभराने रंग मळकट वाटला तर एकदा नुसतं कूलंट बदला, ब्लॉकमधला उरलासुरला गंज सुटत असतो. लेव्हल मात्र कमी होत राहिली आणि खाली कुठे थेंब दिसत नाही, तर कार्पेट उचलून हाताने बघा, हीटर कोअर आतल्या बाजूला गळत असेल तर डाव्या सीटच्या पायाशी ओलं आणि चिकट लागतं.